दया की देणे?

भायखळ्यास मध्य रेल्वेचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मृती रुग्णालय आहे. रेल्वेच्या नोकरांवर तेथे उपचार होतात. परंतु रुळांवर राबणारा मनुष्य ट्रॉलीखाली किंवा मालमोटारीखाली सापडून पांगळा झाला, म्हणजे औषधपाणी झाल्यावरही एक प्रश्न उरतो. बुडालेल्या मजुरीचा भार कोणी सोसावा? त्याने, की ज्याचे काम तो करीत होता त्याने? आपल्या खेड्यांतील पुष्कळ तरुण अशा कामांवर जातात. म्हणून ह्याचा विचार करणे अगत्याचे आहे.

कित्येक म्हणतात, धन्याने मुद्दाम इजा केली नाही, मग त्याने का द्यावे? इंग्लंडात पूर्वी न्यायाधीशही असेच म्हणत. १८३७ साली एका खाटकाच्या नोकराचा दावा त्यांच्यापुढे आला. फाजील माल लादलेली गाडी मोडून त्याची मांडी मोडली होती. नोकरी पत्करिली तेव्हा तिच्यातील धोकाही पत्करिला, असे ठरवून त्यास रिकाम्या हाताने परत पाठविण्यात आले.

हे मत आम्हांस न्यायाचे वाटत नाही. नांगरास जुंपलेल्या बैलाचा पाय मोडला, तर नुकसान शेतकऱ्याचे होते; बैलाने धोका पत्करिला होता, असे कोणी म्हणत नाही. पीक ज्याच्या घरी जाते, त्याच्याच माथी कामाची झीज येते. मग मनुष्याच्या हातापायांची झीज तेवढी त्याच्या एकट्याच्या माथी का? ज्याच्या घरी उद्याचे पीठ नाही, त्याने धोका खुषीने पत्करिला, असे म्हणणे तर मुळीच शोभत नाही.

आपल्या देशात १९२३ साली झालेल्या व १ जुलै १९२४ पासून अमलात आलेल्या कायद्याने हेच तत्त्व स्वीकारिले. अपघात कामामुळे व काम चालू असता झाला, एवढे पुरे. धन्याचा दोष दाखवावा लागत नाही. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी तत्त्व कायम आहे. कामगार दारूच्या अमलात असल्यामुळे अपघात झाला, तर लहानसहान इजेचा हक्क जातो. परंतु तो मेला तर जात नाही. हे योग्यच आहे, कारण ती दारू विधवेने व लेकरांनी घेतलेली नसते.

काम कोठे संपते, हाही प्रश्न आहे. १९५७ साली मुंबईत बेस्टचा एक बसचालक पाळी संपवून जोगेश्वरीच्या आगारातून दुसऱ्या बसने घरी निघाला असता अपघात होऊन मेला. अशा प्रवासाची मोकळीक नोकरीच्या सोयीसाठीच दिलेली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९६३ साली त्याच्या विधवेचा हक्क मान्य केला. तीन न्यायाधीशांपैकी एकाचे मत निराळे होते, ह्यावरून प्रश्नाची अवघडता कळते.

पैशाने पाय परत येत नाही, हे खरे. पण भरपाई म्हणजे दया नव्हे. ते देणे आहे. दया मागणाऱ्यास मान खाली घालावी लागते, देणे मागणाऱ्यास नाही. सबब जखमी मनुष्याने अपघाताची खबर ताबडतोब द्यावी व हक्क सांगण्यास लाजू नये. आणि आपल्यांपैकी जो आपल्या ट्रॅक्टरवर गडी ठेवितो, तोही धनीच आहे, हे त्याने विसरू नये.