राजासही मर्यादा

शास्त्रपाठ : अनुवाद १७:१४-२०, नहेम्या ५:१४-१९

दसरा-दिवाळी झाली म्हणजे कपिलधारेभोवतालच्या बालाघाट डोंगरपट्ट्यातून कित्येक कुटुंबे बिऱ्हाड घेऊन ऊसतोडीस निघतात. नवराबायको दोघे राबतात, तरी हिशेबात त्यांचा ‘कोयता’ एकच धरला जातो. आणि त्याची मजुरी प्रथम मुकादमाच्या उचलीत वळती होते. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर शेकडा ३४ वाढला, तोही पुष्कळ वाटाघाटी झाल्यावर. इकडे मोठ्या कंपन्यांच्या कारभाऱ्यांचे वेतन कोटींनी मोजले जाते. अशा वेळी मनात प्रश्न येतो की, कमाईस कायद्याने मर्यादा घालावी काय?

मर्यादा मुळीच नाही असे नाही. सार्वजनिक कंपनीने संचालक व व्यवस्थापक यांस मिळून निव्वळ नफ्याच्या शेकडा ११ हून अधिक मोबदला देऊ नये, असा २०१३ च्या कंपनी कायद्याचा नियम आहे. परंतु भागधारकांच्या सभेने ठराव केल्यास ती ओलांडता येते. शिवाय नफा वाढला की मर्यादाही वाढते. मजुराच्या भाकरीशी तिचा संबंध नाही.

देवाच्या नियमशास्त्राचे माप निराळे आहे. इस्राएलाच्या राजाने आपल्यासाठी सोन्यारुप्याचा फार संचय करू नये व आपल्या भावांहून स्वतःस थोर मानू नये, अशी त्यास आज्ञा होती. जेथे राजास मर्यादा, तेथे कारखान्याच्या धन्यास ती का नसावी? यास्तव असा कायदा करणे न्यायाचेच होय, असे आम्हांस वाटते.

तथापि कायदा हात धरतो. अंतःकरण पालटणे त्याच्याने होत नाही. नहेम्या यहूदाचा अधिपती होता. अधिपतीचा भत्ता घेण्याचा त्यास पुरा हक्क होता. तरी लोकांवर भार जड आहे हे जाणून त्याने तो बारा वर्षे घेतला नाही. कोणत्याही कायद्याने त्यास अडविले नव्हते. देवाचे भय मात्र त्याच्या ठायी होते.

बंधूंनो, आपणांतही कोणी मुकादम, कोणी दुकानदार, कोणी मंडळीचा खजिनदार आहे. “हे माझ्या हक्काचे आहे काय?” एवढेच पुसून थांबू नका, “यामुळे माझ्या भावावर भार पडतो काय?” हेही पुसा. ज्याच्या हाती वही आहे, त्याने मजुरास हिशेब वाचून दाखवावा व स्त्रीची मजुरी स्त्रीच्याच हाती द्यावी. मोठ्यांस न्याय शिकविण्याचा अधिकार आपणांस तेव्हाच येईल.

श्रीमंत असता आम्हांसाठी दरिद्री झालेला प्रभू येशू आपणांस असे मन देवो. आमेन.