सापडले म्हणजे आपले का?

वाटेत पडलेली वस्तू कोणाची, हे लहान पोरसुद्धा विचारते. मोठी माणसे पुष्कळदा विचारीत नाहीत. या प्रश्नाचा एक निराळा प्रकार आज वाचकांपुढे ठेवीत आहोत. विषय खेळाचा आहे, पण तो हसण्यावारी नेऊ नये.

विलायतेत डार्टमूर नावाचा ओसाड, दलदलीचा माळ आहे. तेथल्या क्रॅन्मिअर पूल या आडजागी १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एक बाटली ठेवली. जो एवढी पायपीट करून पोहोचेल त्याने आपल्या नावाची चिठ्ठी तीत टाकावी, इतकेच. पुढे लोक तेथे पत्ता घातलेली पत्रे ठेवू लागले. मागून येणारा ती उचलून नेई व टपालात टाकी. त्यातून लेटरबॉक्सिंग हा छंद निघाला. आता कपारीत लहानशी डबी दडवितात. तीत एक रबरी शिक्का व एक वही असते. शोधणाऱ्याने डबीतला शिक्का आपल्या वहीत उमटवावा, आपला शिक्का तिच्यातल्या वहीत उमटवावा, आणि डबी होती तशी ठेवून निघून जावे.

आता पाहा. माळावर पहारा नाही. शिक्का खिशात घातला तर हटकणार कोण? चार दमड्यांचा रबर, त्यात काय एवढे, असे कोणी म्हणेल. आम्हांस ते पटत नाही. नुकसान होते ते अजून आलेल्या नसलेल्या माणसाचे. तो उद्या किंवा सहा महिन्यांनी पाऊस-चिखल तुडवीत येईल आणि हात घालील तो रिकाम्या कपारीत. म्हणून त्या लोकांत रीत आहे: झाकण घट्ट लावावे, वही भिजू देऊ नये, दुसरा कोणी शोधीत असेल तर त्याच्या देखत जागा उघडी करू नये. वारीच्या वाटेवर पुढच्या दिंडीने पाणवठा जसा राखला तसाच मागच्या दिंडीस मिळतो, तेच हे. आणि जुन्या दिवसांत परक्याचे पत्र खिशात घालून कोसचे कोस चालत टपालपेटीपाशी जाणारा तो अनोळखी माणूस? आपल्याकडे ‘हस्ते अमुक’ असे लिहून पत्रे धाडीत, पण तो अमुक निदान ओळखीचा तरी असे!

आपल्याकडे हा छंद थोड्यांनाच ठाऊक. पण रीत जुनी आहे. मुंबईच्या किनाऱ्यावर कोळी पाण्यात खुंट रोवून डोल जाळे बांधतात, किंवा जाळे टाकून वर बोया सोडतात. धनी जवळ नसला तरी शेजारून जाणारी होडी त्यास हात लावीत नाही. भांडणे होत नाहीत असे नाही, होतात. पण ती भांडणे होतात याचाच अर्थ जाळे कोणाचे हे सर्वांस कबूल आहे.

अशाच कोळ्यांची वस्ती म्हणजे कफ परेडचे मच्छीमार नगर. समजा, एखाद्या हौशी तरुणाने तेथल्या होड्यांच्या आड एक डबी दडविली. खेळातल्या सर्व रीती त्याने पाळल्या. तरी ते योग्य का? आम्ही म्हणतो, नाही. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहा हल्लेखोर रबरी होडीतून याच किनाऱ्यास लागले. वस्तीतल्या काहींनी त्यांस हटकलेही होते. पुढे शहरात काय झाले ते सर्वांस ठाऊक आहे. त्याआधी १२ मार्च १९९३ चे स्फोट, ११ जुलै २००६ चे लोकलगाड्यांतले. ज्या शहरात बेवारस वस्तूस हात लावू नका असे कानीकपाळी सांगितले जाते, तेथे दडविलेली डबी एखाद्या आईच्या पोटात गोळा आणील. खेळणाऱ्यांनी एकमेकांचा मान राखला खरा, पण जे खेळतच नाहीत त्यांचे काय? डार्टमूरच्या मंडळींनीही नियम केला आहे, की जुन्या शिळावर्तुळांत, पडक्या भिंतींत डबी ठेवू नये, सिमेंटने पक्की करू नये. माळ काही खेळणाऱ्यांचा नव्हे.

मग छंद सोडावा का? मुळीच नाही. याच खेळात असा एक प्रकार आहे, की शिक्का कोठे दडवीत नाहीत. माणूसच तो जवळ बाळगतो व जो खूण सांगून मागेल त्यास उमटवून देतो. मच्छीमार नगरात तोच बरा. वस्तीतल्या एखाद्या मावशीस सगळे समजावून सांगावे, ती राजी असली तर शिक्का तिच्या हवाली करावा. आता जो येईल त्यास कपार धुंडाळावी लागणार नाही, तोंड उघडून बोलावे लागेल. आणि हो, ताजी मासळी उतरली असेल, गिऱ्हाईक उभे असेल, तर तेव्हा ‘मावशी, तो शिक्का!’ म्हणून पाटीपुढे आडवे उभे राहू नये. गर्दी ओसरेपर्यंत बाजूस थांबावे.