दुरून लढणाऱ्याचा धर्म

भीष्मपर्वाच्या मराठी भाषांतराचे काम हाती असताना इंदूरच्या एका भगिनींचे पत्र आले. त्यांचा एकुलता एक मुलगा सैन्यात, पायदळात आहे. आणि सध्या त्याला ड्रोन, म्हणजे आत मनुष्य न बसता दुरून चालविले जाणारे विमान, हाताळण्याचे शिक्षण मिळत आहे. त्या लिहितात, "मुलगा समोरासमोर भिडणार नाही, दूर बसून लढेल, हे ऐकून मला हायसे वाटले. पण देवापुढे बसले की त्याच सुटकेची लाज वाटते. समोरचा मरतो आणि मारणाऱ्याच्या अंगावर ओरखडाही येत नाही, तर ही लढाई क्षत्रियाची की पारध्याची? गीतेत यास आधार आहे काय?"

प्रश्न एका मातेचा आहे, परंतु तो तिच्यापुरता नाही. ज्यांची मुले सैन्यात नाहीत त्यांच्याही नावाने देशाचे सैन्य लढत असते. म्हणून उत्तर त्या भगिनींना खाजगी पत्रातून न देता येथे देण्याचे ठरविले.

शास्त्रार्थात पूर्वपक्ष दुबळा करून मांडू नये, अशी आपली रीत आहे. म्हणून आधी त्या भगिनींचा आक्षेप पुऱ्या बळाने मांडू. योद्धा मनुष्यवध करतो, तरी त्यास कोणी घातकी म्हणत नाही. का? तर ज्या तराजूत तो दुसऱ्याचे मस्तक घालतो, त्याच तराजूत त्याचे स्वतःचेही असते. भीष्मपर्वाच्या आरंभी कौरव-पांडवांनी युद्धाचे जे नियम ठरविले, त्यांचा गाभा ही समताच आहे. रथीने रथ्याशी लढावे, गजारूढाने गजारूढाशी. शरण आलेल्यावर, शस्त्र गळून पडलेल्यावर, पाठ फिरविलेल्यावर प्रहार करू नये. सारथी, ओझी वाहणारे, शंख-भेरी वाजविणारे यांना मारू नये. ड्रोनने ही समताच नाहीशी केली. ही शंका केवळ आपल्या पुराणप्रिय मनाची आहे, असेही नाही. २०१३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने दुरून ड्रोन चालविणाऱ्यांसाठी एक नवे पदक जाहीर केले, आणि त्याचा दर्जा रणभूमीवर मिळणाऱ्या काही पदकांहून वर ठेवला. तेव्हा खुद्द माजी सैनिकांनीच विरोध केला: ज्याने प्राण पणाला लावले नाहीत, त्याचे शौर्य वरचे कसे? दोन महिन्यांत ते पदक रद्द झाले.

आता वस्तुस्थिती पाहू. कारण धर्मनिर्णयास वस्तुज्ञान आधी लागते. २०२० मध्ये नागोर्नो-काराबाखच्या ४४ दिवसांच्या युद्धात अझरबैजानने तुर्की आणि इस्रायली बनावटीच्या ड्रोनांनी आर्मेनियाचे रणगाडे, तोफा आणि विमानविरोधी यंत्रे उघड्यावर टिपून काढली. तेव्हा जगातील सेनापतींच्या ध्यानी आले की, आकाशातून सतत पाहणारा डोळा असेल तर एकत्र जमलेले सैन्य हे बळ न राहता लक्ष्य ठरते. २०२२ पासून युक्रेनच्या भूमीवर रशियाने चालविलेल्या युद्धात हा धडा दोन्ही सैन्यांनी रक्त देऊन गिरविला. आता तेथे मोठ्या तुकड्या एकत्र चालत नाहीत. दोघे-तिघे सुटे सुटे पुढे सरकतात. खंदकांवर छपरे आली, रस्त्यांवर मैलोगणती जाळी ताणली गेली. आघाडीपासून कित्येक किलोमीटर मागेही दिवसा गाडी नेणे धोक्याचे झाले आहे. म्हणून रसद पोहोचविण्याचे आणि जखमींना मागे आणण्याचे काम जमिनीवरून चालणाऱ्या यंत्रांकडे जाऊ लागले. रेडिओलहरी रोखून ड्रोन पाडता येतात असे दिसताच, बारीक काचतंतूची तार उलगडत जाणारे ड्रोन निघाले. त्यांना लहरींची गरजच उरली नाही. मग सैनिकांच्या हाती पुन्हा छऱ्याची बंदूक आली. २०२४ मध्ये युक्रेनने चालकरहित यंत्रांसाठी सैन्याची वेगळी शाखाच उभारली. आपल्याकडे २०२५ च्या मे महिन्यातील संघर्षात दोन्ही बाजूंनी ड्रोन वापरले गेले, आणि त्याच वर्षी पायदळात 'अश्नि' नावाच्या ड्रोन-प्लाटून उभारल्याचे सेनेने सांगितले. संस्कृतात अशनि म्हणजे इंद्राचे वज्र.

या वस्तुस्थितीतून त्या भगिनींच्या प्रश्नाचा एक भाग आपोआप सुटतो, आणि तो त्यांना सुखकर वाटणार नाही. पायदळाचा ड्रोन-चालक हा सुरक्षित असतो, ही समजूत खरी नाही. लहान ड्रोनाचा पल्ला मर्यादित असतो. म्हणून चालकास आघाडीजवळच तळघरात किंवा खंदकात बसावे लागते. शत्रू सर्वांत आधी त्यालाच शोधतो. म्हणून आज सैनिकास नेम धरणे जितके शिकवावे लागते, तितकेच लपणे, जागा बदलणे आणि आकाशाचा आवाज ओळखणे शिकवावे लागते. पूर्णतः निर्भय असा चालक कोणता? अमेरिकेच्या नेवाडा प्रांतातील क्रीच या तळावर बसून हजारो मैलांवरील अफगाणिस्तानात शस्त्र सोडणारा आणि पाळी संपल्यावर मोटार चालवीत मुलाबाळांत परतणारा, तो. पूर्वपक्षाचा खरा रोख त्याच्यावर आहे.

परंतु संकट अंगावर घेणे हाच युद्धधर्माचा प्राण आहे काय? तसे असेल तर धनुष्यही सदोषच ठरेल, कारण तलवारीच्या दृष्टीने धनुष्य हे दुरून मारणारेच शस्त्र. शिवाय संकट तर दरोडेखोरही अंगावर घेतो. तेवढ्याने तो धार्मिक होत नाही. गीतेचा आरंभ आठवावा. शंख वाजले, शस्त्रे उचलली गेली, आणि त्या क्षणी अर्जुन भगवंतांस काय म्हणतो? रथ दोन्ही सैन्यांच्या मध्ये उभा करा. मला कोणाशी लढावयाचे आहे ते पाहू द्या. त्याने पाहिले. शत्रूच्या जागी त्याला आजोबा दिसले, गुरू दिसले, भाऊ, पुत्र, मित्र दिसले. गीतेचा उगम या पाहण्यात आहे. अर्जुन न पाहता बाण सोडता, तर विषाद झाला नसता, आणि विषाद न होता तर उपदेशही झाला नसता. ज्यास मारावयाचे तो कोण आहे, हे डोळे उघडे ठेवून पाहणे, ही धर्मयुद्धाची पहिली पायरी होय.

या कसोटीवर ड्रोन-चालकाची अवस्था मोठी विलक्षण आहे. तोफ आली तेव्हा मारणाऱ्याच्या दृष्टीआड मरणारा गेला. बाँबफेकी विमान आले तेव्हा खाली नुसती गावांची चित्रे दिसू लागली. ड्रोनने मरणाऱ्याचा चेहरा पुन्हा मारणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आणला. चालक त्या मनुष्यास पाणी पिताना पाहतो, धावताना पाहतो, कित्येकदा हात जोडतानाही पाहतो. व्यासांनी संजयास दिव्यदृष्टी दिली, परंतु हाती धनुष्य दिले नाही. त्याने फक्त पाहिले आणि सांगितले. आजच्या चालकाजवळ संजयाची दृष्टी आहे आणि अर्जुनाचे धनुष्यही आहे. मात्र मध्ये उभा केलेला रथ नाही, आणि विषाद ऐकून घेणारा सारथी तर नाहीच.

शिवाय पाहणे म्हणजे ओळखणे नव्हे. २९ ऑगस्ट २०२१ रोजी काबूलमध्ये अमेरिकी ड्रोनने एका पांढऱ्या मोटारीचा कित्येक तास पाठलाग केला आणि तिच्यावर अग्निबाण सोडला. आत अतिरेकी आहेत, असे आधी सांगण्यात आले. पुढे सप्टेंबरात चूक कबूल करण्यात आली: मेलेली दहाही माणसे निरपराध होती, आणि त्यांपैकी सात मुले होती. डोळे होते, वेळही होता. परंतु पाहण्याआधीच निश्चय झालेला होता. ज्याचा निश्चय आधी होतो, त्यास दोरीचाही साप दिसतो, हे वेदान्ताच्या पहिल्या पाठात आपण शिकतो. तेथे भ्रम फिटला की साप नाहीसा होतो. काबूलमध्ये भ्रम फिटला, पण मुले परत आली नाहीत.

आता सिद्धान्त. आपल्या परंपरेत अस्त्रविद्येची दोन अंगे सांगितली आहेत: प्रयोग आणि उपसंहार. सोडणे ही अर्धी विद्या. सोडलेले मागे घेणे हे तिचे उत्तरार्ध. सौप्तिकपर्वाच्या शेवटी अश्वत्थामा आणि अर्जुन यांची अस्त्रे एकमेकांवर सुटतात. नारद-व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो, कारण त्याचे चित्त संयमाने सिद्ध झालेले असते. अश्वत्थाम्यास ते आवरता येत नाही. मग ते अस्त्र उत्तरेच्या गर्भावर जाऊन पडते. दोघेही एकाच गुरूचे शिष्य, अस्त्रही एकच. एकाची विद्या पुरी होती, दुसऱ्याची अर्धी. आणि अर्ध्या विद्येचे मोल अजून न जन्मलेल्या बाळास द्यावे लागले.

सैन्ये आज ड्रोनचे जे शिक्षण देतात, ते पाहावयाचे या दृष्टीने. प्रयोग तर सर्वत्र उत्तम शिकविला जातो. तरुण मुले संगणकावरील सरावात अल्पावधीत निष्णात होतात. उपसंहार किती शिकविला जातो, हा प्रश्न आहे. तो शिकविता येतो, याची साक्षही याच युद्धात आहे. ड्रोनला शरण कसे जावे, हे २०२२ च्या डिसेंबरात युक्रेनच्या सैन्याने रशियन सैनिकांस चित्रफितीतून समजावून दिले. २०२३ च्या मे महिन्यात बाखमुतजवळ खंदकात एकटा उरलेला एक रशियन सैनिक वर घोंगावणाऱ्या ड्रोनकडे पाहून खुणांनी प्राणांची भीक मागू लागला. चालकांनी चिठ्ठी खाली टाकून त्यास मागोमाग येण्यास सांगितले, आणि तो जिवंत राहिला. शरणागतास अभय देण्याचा तो प्राचीन नियम यंत्राच्या डोळ्यातूनही पाळता आला. याच्या उलट चित्रही आहे. खेरसोनच्या परिसरात रशियन ड्रोनांनी साध्या नागरिकांचा पाठलाग करून त्यांना मारले, आणि हा मानवतेविरुद्धचा गुन्हा होय, असा निष्कर्ष संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०२५ च्या मे महिन्यात काढला. यंत्र एकाच जातीचे; भेद चालविणाऱ्याच्या चित्तात, आणि त्यास आज्ञा देणाऱ्यांच्या चित्तात.

आणखी एका गोष्टीकडे गीतेच्या वाचकाचे लक्ष गेल्यावाचून राहणार नाही. युक्रेनमध्ये ड्रोन-तुकड्यांना सिद्ध झालेल्या प्रत्येक आघाताबद्दल गुण मिळतात, आणि त्या गुणांच्या बदल्यात नवी यंत्रे घेता येतात. स्वतःच्या भूमीवर आलेल्या आक्रमकाशी लढणाऱ्या आणि सामग्रीची चणचण असलेल्या देशास ही व्यवस्था का करावी लागली, हे समजू शकते; शत्रूस जिवंत पकडल्यास अधिक गुण मिळतात, हेही तिच्या बाजूने सांगितले पाहिजे. तरीही कर्माच्या फळाकडे डोळा ठेवू नये हा उपदेश भगवंतांनी नेमका रणांगणावर का केला, ते येथे उमगते. वध हे कर्तव्य म्हणून ओढवले तर मनुष्य ते जड अंतःकरणाने करील आणि थांबण्याची संधी शोधील. तोच वध मिळकत झाला की तो थांबण्याचे विसरेल. आणि जी नवी यंत्रे शेवटच्या क्षणी चालकाशी संबंध तुटला तरी आपण होऊन लक्ष्यावर जातात, त्यांत तर उपसंहारास जागाच उरत नाही. अश्वत्थाम्याचे अस्त्र आता कारखान्यातून निघू लागले आहे.

भगिनी, आपल्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. मुलगा जगावा ही आईची इच्छा अधर्म नव्हे. तिची लाज बाळगू नये. दुरून लढणे हेही स्वतः अधर्म नव्हे. मात्र त्याने जबाबदारी वाढते. ज्याच्या मानेवर तलवार आहे, त्याच्या घाईस शास्त्र आणि कायदा दोन्ही क्षमा करतात. क्षणभर थांबला तर तो स्वतः मरेल. पडद्यावर ज्यास तो पाहत आहे, त्याच्याकडून ज्यास भय नाही, त्यास ही क्षमा नाही. तो थांबू शकतो, पुन्हा पाहू शकतो, शंका असेल तर "दिसत नाही" असे वरिष्ठास सांगू शकतो. शरीरावरचे जे संकट यंत्राने दूर केले, ते विवेकाचे ओझे होऊन त्याच्या मनावर परत आले पाहिजे. ते ओझे जो वाहतो तो क्षत्रिय; जो झटकतो तो पारधी. मुलास पत्र लिहाल तेव्हा त्याने किती लक्ष्ये टिपली हे विचारू नका. किती वेळा हात आवरला, हे विचारा. आणि त्यास रात्री झोप लागत नाही असे कळले तर भित्रा म्हणू नका. अर्जुनाचेही धनुष्य हातातून गळले होते, आणि भगवंतांनी त्याचे ऐकून घेतले होते.

शेवटी आपणा गृहस्थांविषयी. ड्रोनने टिपलेल्या मरणाच्या चित्रफिती आज घरोघरी पोहोचतात. जेवताना आपण त्या पाहतो, आणि मरणारा परपक्षाचा असला तर आनंदाने दुसऱ्यास पाठवितो. महालात सुरक्षित बसून रणातील वृत्त ऐकणारा एक राजा महाभारतात आहे. त्याचे अंधत्व डोळ्यांचे होते त्याहून अधिक मनाचे होते, कारण एकाच कुळातील मुलांपैकी काही त्यास आपली वाटत आणि काही परकी. युद्ध त्याने लढले नाही, पण युद्धाचे पाप त्यास चुकले नाही. सैनिकाने हात आवरावा अशी अपेक्षा करणाऱ्याने आधी आपली नजर आवरावी. पुढच्या वेळी तसे चित्र समोर आले तर क्षणभर थांबून एवढेच मनात आणावे की, खाली धावणारा तो मनुष्यही कोण्या आईचा एकुलता एक मुलगा असेल.