दर्शनी भिंत कोणाची?

सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा स्थानकाभोवती थोडी पायपीट केली, तर घराच्या मालकीचे चार प्रकार एकाच परिसरात पाहायला मिळतात. घिम मोह आणि हॉलंड ड्राइव्ह या भागांत हाउसिंग बोर्डाच्या उंच इमारती आहेत. तिथले फ्लॅट लोकांनी ९९ वर्षांच्या पट्ट्याने विकत घेतले आहेत. रोचेस्टर पार्कमधले काळ्या-पांढऱ्या रंगसंगतीचे बंगले ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांसाठी बांधलेले. आज ते सरकारी मालकीचे आहेत आणि भाड्याने दिले जातात. पलीकडे वन-नॉर्थ ही सुमारे २०० हेक्टरांवरची संशोधन-वसाहत आहे. जेटीसी या सरकारी महामंडळाने ती २००१ मध्ये हाती घेतली आणि तिचा आराखडा वास्तुरचनाकार झाहा हदीद यांनी केला. या सगळ्यांच्या मधून खासगी कॉन्डोमिनियम उभे आहेत. तिथे फ्लॅट एकेकाचा आणि इमारत सर्वांची.

मालकी इतकी वेगवेगळी असली, तरी एक गोष्ट या चारही ठिकाणी सारखी आहे. घर बाहेरून कसं दिसावं, हे आत राहणारा माणूस एकट्याने ठरवू शकत नाही. हाउसिंग बोर्डाच्या फ्लॅटचा मालक घरातल्या भिंतींना हवा तो रंग देईल, पण दाराबाहेरच्या कॉरिडॉरची भिंत त्याला परवानगीशिवाय रंगवता येत नाही. खिडक्या बदलायच्या तर बोर्डाचे नियम आहेत. घराची किंमत त्याने वर्षानुवर्षे फेडली आहे. मग त्याच घराच्या चेहऱ्यावर त्याचा हक्क इतका कमी का? आणि उरलेला हक्क कुणाचा?

या प्रश्नाचं उत्तर दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदललं आहे. सिंगापुरात ते कसं घडत गेलं हे पाहताना मुंबई सतत आठवते, कारण दोन्ही बंदरांचा इतिहास अनेक ठिकाणी एकमेकांत गुंतलेला आहे.

सुरुवात चालण्याच्या वाटेपासून झाली. १८२२ मध्ये सिंगापूरच्या ब्रिटिश वसाहतीचे संस्थापक स्टॅम्फर्ड रॅफल्स यांनी तिथल्या नगररचनेच्या सूचना दिल्या. त्यांत असं बंधन होतं की रस्त्याकडेच्या प्रत्येक घराला ठरावीक खोलीची पडवी असावी आणि ती एकसलग, छपराखालची, सर्वांना कायम खुली असावी. ऊन आणि मुसळधार पाऊस यांच्या गावात ही गरजेचीच गोष्ट. जमीन घरमालकाची, छप्पर त्याचं, खांबांचा खर्चही त्याचा, पण त्याखालून चालण्याचा हक्क साऱ्या गावाचा. मुंबईत हॉर्नबी रोडवर, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्यावर, १८९६ च्या नियमाने हेच केलं. प्रत्येक इमारतीला तळमजल्यावर कमानींची पडवी सक्तीची झाली. त्या रस्त्यावरची प्रत्येक इमारत वेगळ्या घडणीची आहे, तरी सगळा रस्ता एकसंध वाटतो, तो या कमानींमुळे.

मालकांनी हे बंधन निमूटपणे मानलं असं मात्र नाही. सिंगापूरच्या पडव्यांत दुकानदारांनी माल मांडला, कारागिरांनी बैठका टाकल्या, आणि चालणाऱ्यांची वाट बंद झाली. फेब्रुवारी १८८८ मध्ये नगरपालिकेने पडव्या मोकळ्या करायला घेतल्या, तेव्हा दुकानं बंद झाली आणि दंगल उसळली. शेवटी तडजोड झाली. माल ठेवा, पण माणूस जाईल एवढी वाट सोडा. या तडजोडीकडे मी आदराने पाहतो. नियमाचा हेतू चालणाऱ्याची सोय हा होता. तो हेतू साधल्यावर उरलेली जागा कशी वापरायची हे मालकावर सोडलं गेलं. आज हाउसिंग बोर्डाच्या कॉरिडॉरमध्ये हेच तत्त्व चालतं. आगीच्या वेळी लोकांना बाहेर पडता यावं म्हणून १.२ मीटर वाट मोकळी ठेवावी लागते. त्यापलीकडे चिनी कुटुंबाच्या दाराशी उदबत्त्यांचं छोटं देवस्थान असतं, तमिळ घरापुढे कोलम असतो, ईदला मलय घरांवर दिव्यांच्या माळा लागतात, आणि दिवाळीत एखाद्या मराठी दारापुढे रांगोळी आणि तोरण दिसतं.

पुढचा टप्पा आरोग्याचा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९८ मध्ये मुंबई इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. दाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि नव्या वसाहतींत प्लॉट पट्ट्याने देताना बांधकामावर अटी घालायच्या, अशी ही पद्धत. दादर-माटुंग्याच्या वसाहती तिच्यातूनच उभ्या राहिल्या. सिंगापूरच्या दाट वस्तीची पाहणी करून १९०७ मध्ये अहवाल देणारे डॉ. डब्ल्यू. जे. सिम्पसन हे त्याआधी कलकत्त्याचे आरोग्य अधिकारी होते. त्यांनी घरांच्या पाठीमागून गल्ल्या काढायचा आणि मुंबईच्या धर्तीवर ट्रस्ट नेमायचा आग्रह धरला. तो ट्रस्ट १९२७ मध्ये स्थापन झाला. आता नियम फक्त दर्शनी भागापुरता राहिला नाही. घराच्या मागची बाजू, उजेड, वारा, मलनिःसारण हे सगळं सार्वजनिक प्रश्न झाले. हा बदल योग्यच होता, कारण एका घरातला रोग शेजारी पसरतो. पण याच काळात अधिकाऱ्याला सवय लागली की लोकांच्या भल्याचं काय ते आपल्यालाच कळतं. ज्यांची घरं पाडली, त्यांना कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या टप्प्यात ही सवय फार मोठ्या प्रमाणावर अमलात आली. १९६० मध्ये हाउसिंग बोर्ड स्थापन झालं, १९६४ मध्ये सामान्य माणसाला फ्लॅट विकत देण्याची योजना आली आणि १९६६ च्या भूसंपादन कायद्याने सरकारच्या हाती जमीन मोठ्या प्रमाणात आली. बुओना व्हिस्टाच्या शेजारचं क्वीन्सटाउन हे सिंगापूरचं पहिलं उपग्रह-नगर. तिथल्या टँगलिन हॉल्ट भागातल्या दहा मजली इमारती या काळाची खूण होत्या. रांगेने उभ्या, एकसारख्या, साध्या आणि स्वच्छ. झोपडीतून आलेल्या कुटुंबाला नळाचं पाणी आणि पक्कं छप्पर मिळत होतं, तेव्हा भिंतीच्या रंगाबद्दल बोलायला सवड कुणाला होती? चेहरा सगळ्यांचा सारखा, कारण बांधणारा एकच.

पण घर आपलं झालं की माणूस त्याच्या दिसण्याचाही विचार करू लागतो. पंचवीस वर्षांत हा बदल इतका झाला की एका बोर्डाने सगळं ठरवणं जड जाऊ लागलं. १९८६ मध्ये आंग मो किओमध्ये प्रयोग झाला आणि १९८८ च्या कायद्याने टाउन कौन्सिलं आली. स्थानिक खासदार आणि त्यांनी नेमलेले रहिवासी मिळून जिने, लिफ्ट, कॉरिडॉर, बाग आणि बाहेरच्या भिंती सांभाळतात, त्यासाठी दरमहा शुल्क घेतात आणि मोठ्या दुरुस्तीसाठी राखीव निधी साठवतात. ठरावीक वर्षांनी इमारतींना रंग लागतो. अनेक वसाहतींत दोन-तीन रंगसंगती लोकांपुढे ठेवून मत घेतलं जातं. १९९० च्या सुमारास जुन्या इमारतींच्या नूतनीकरणाची योजना सुरू झाली. तिची अट होती की पात्र रहिवाशांपैकी ७५ टक्के लोकांचा होकार हवा. बहुतेक खर्च सरकारचा आणि थोडा वाटा रहिवाशांचा. २००७ च्या घर-सुधार योजनेनेही ७५ टक्क्यांचीच अट ठेवली.

मला या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा टप्पा हाच वाटतो. दर्शनी भिंत कोणाची या प्रश्नाला इथे पहिल्यांदा हिशेबी उत्तर मिळालं. भिंत सर्वांची असेल, तर खर्च सर्वांचा आणि निर्णयही सर्वांचा. साध्या बहुमताऐवजी तीन चतुर्थांश मतं मागणं म्हणजे शेजाऱ्याच्या घरावर आपली आवड लादण्याआधी त्याला पटवून देण्याचं बंधन स्वीकारणं. पटवून देताना माणसं एकमेकांशी बोलतात, आणि वसाहत टिकते ती या बोलण्यावर.

तरी या पद्धतीचं गुणगान करून थांबता येणार नाही. १९९७ च्या निवडणुकीत सत्ताधारी पक्षाला मत देणाऱ्या भागांना नूतनीकरणात अग्रक्रम देऊ, असं सरकारने उघडपणे सांगितलं. भिंतीचा रंग आणि राजकीय निष्ठा अशी जोडली गेली की रहिवाशाचा होकार मोकळा राहत नाही. दुसरी गोष्ट टँगलिन हॉल्टची. जून २०१४ मध्ये तिथल्या ३१ इमारती पाडून पुनर्विकास करण्याची घोषणा झाली. रहिवाशांना भरपाई आणि जवळच नवे फ्लॅट देऊ केले गेले, पण इमारत राहावी की जावी यावर मतदान झालं नाही. भिंतीच्या रंगावर मत आणि भिंतीच्या अस्तित्वावर मत नाही, ही विसंगती सिंगापूरकरांनाही जाणवली असावी. २०१८ मध्ये पंतप्रधान ली सियन लुंग यांनी जी नवी पुनर्विकास योजना जाहीर केली, तिच्यात मतदानाची तरतूद आहे.

दरम्यान आणखी एक विचार रुजला, तो म्हणजे स्मृतीचा. १९८९ मध्ये चायनाटाउन, लिटल इंडिया, काम्पोंग ग्लाम असे भाग संरक्षित झाले आणि आज संरक्षित इमारतींची संख्या सात हजारांवर आहे. रॅफल्सच्या नियमातून आलेल्या पडव्या, ज्यांच्यावरून दंगल झाली होती, त्या आता वारसा म्हणून जपल्या जातात. मालकाला दर्शनी भाग बदलता येत नाही. त्याबदल्यात वाढीव विकास-शुल्क आणि वाहनतळाच्या कमतरतेबद्दलचं शुल्क माफ होतं. त्याहूनही निर्णायक बाब भाड्याची. सिंगापूर आणि मुंबई या दोन्ही शहरांत भाडेनियंत्रणाचे कायदे १९४७ मधलेच. सिंगापूरने आपला कायदा टप्प्याटप्प्याने सैल करून २००१ मध्ये रद्द केला. मुंबईत नवा कायदा आला तरी जुन्या भाडेकरूंची भाडी नाममात्रच राहिली. जिथे भाड्यातून साधी डागडुजीही निघत नाही, तिथे लाकडी सज्जा आहे तसाच जपा असं मालकाला सांगण्यात काही अर्थ उरत नाही.

म्हणूनच १९९५ ची मुंबईची वारसा नियमावली, देशात अशा प्रकारची पहिली मानली जाणारी, कागदावर पुरोगामी असूनही अनेक घरांपर्यंत पोचली नाही. हस्तांतरणीय विकास हक्काची, म्हणजे न वापरता आलेला बांधकामाचा हक्क विकण्याची, तरतूद तिच्यात होती, पण गिरगावातल्या एखाद्या जुन्या घराच्या मालकाला यादीत नाव आलं की आधी धास्तीच वाटली. याउलट दादाभाई नौरोजी रस्त्यावर वेगळी वाट सापडली. वास्तुसंवर्धक आभा नारायण लांबा यांनी तिथल्या पाट्यांसाठी साधे नियम आखले. पाटी कमानीच्या आत बसवावी, दगडी नक्षी झाकू नये. दुकानदारांशी बोलणी झाली, त्यांची संघटना उभी राहिली आणि पाट्या बदलल्या. युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत या कामाची दखल घेतली गेली. पोलिसी बळ न वापरता हे घडलं, कारण दुकानदाराला त्यात आपलाही लाभ दिसला.

नियम आणि हक्क यांतली सीमा आजही हलती आहे. २०२४ मध्ये सिंगापूरच्या चायनाटाउनमधल्या एका संरक्षित इमारतीवर समसुई स्त्रीचं, म्हणजे जुन्या काळातल्या बांधकाम-मजूर बाईचं, भित्तिचित्र काढलं गेलं. तिच्या हातात सिगारेट होती आणि ती पुसावी असं प्रशासनाने सांगितलं. लोकांनी विरोध केला. शेवटी चित्र जसंच्या तसं राहिलं आणि आधी परवानगी घेतली नव्हती म्हणून इमारतीच्या मालकाला दंड झाला. हा निवाडा मला न्याय्य वाटतो. परवानगी मागायची पद्धत पाळायलाच हवी. पण परवानगी देणाऱ्याने स्वतःची अभिरुची आणि सार्वजनिक हित यांत फरक करायला हवा.

कॉन्डोमिनियमच्या नियमांतही असाच समंजसपणा आहे. इमारतीचं बाह्यरूप एकट्याने बदलता येत नाही. तरीही मूल खिडकीतून पडू नये म्हणून जाळी बसवण्यापासून व्यवस्थापन मालकाला रोखू शकत नाही. फक्त ती जाळी इमारतीच्या रूपाशी मिळतीजुळती हवी. म्हणजे सुरक्षितता आधी, आणि ती कशी साधायची यात सौंदर्याचा विचार. मुंबई-ठाण्यात खिडक्यांबाहेर काढलेल्या लोखंडी पेट्यांवरून कित्येक सोसायट्यांत वर्षानुवर्षे भांडणं चालतात. जाळीचे दोन-तीन नमुने सर्वसाधारण सभेत एकदा ठरवले, तर त्यांतली बरीच मिटतील.

सिंगापूरची नक्कल आपल्याला करता येणार नाही. तिथे बहुतांश जमीन राज्याची आहे, आपल्याकडे ती असंख्य हातांत वाटलेली आहे. पण दोनशे वर्षांच्या या प्रवासातून एक गोष्ट कुठेही लागू पडेल अशी हाती येते. घराच्या दिसण्याचा नियम ज्याला लागू करायचा, त्याला निर्णयात आणि खर्चात वाटेकरी करून घेतलं तरच तो नियम टिकतो. रॅफल्सची पडवी टिकली, कारण तिच्या सावलीतून मालकही चालत होता. नूतनीकरणाचं मतदान रुजलं, कारण मत देणाऱ्याच्या खिशालाही त्याची थोडी झळ होती.

आपल्या महापालिका आज गिरगावासाठी, पुण्याच्या पेठांसाठी, नाशिकच्या गोदाकाठासाठी दर्शनी भागांचे नियम करतील किंवा बदलतील, तेव्हा नागरिकांनी मसुद्यात दोन गोष्टी शोधाव्यात. डागडुजीचा खर्च कोण, किती आणि कोणत्या निधीतून देणार? आणि त्या गल्लीत राहणाऱ्यांचा होकार कसा मोजणार? यांची उत्तरं मसुद्यात नसतील, तर हरकती-सूचनांच्या मुदतीत ती लेखी मागावीत. सुंदर गावाची इच्छा सर्वांचीच असते. तिची किंमत एकट्या घरमालकाने मोजावी, अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार कुणालाही नाही.