तरंगणारे दाणे आणि आप्तवाक्य

आमच्या वैनगंगेकाठच्या गावांत तांदळाची पारख बायकांकडे असते. पऱ्हे उपटणं, चिखलात वाकून रोवणी करणं, पुढे कापणी आणि मळणी, सगळं त्यांच्याच हातचं. धानाचा दाणा दाताखाली फोडून तो किती वाळलाय ते त्या सांगतात. अशा बायकांना कंट्रोलच्या तांदळात काही दाणे निराळे दिसले. रंग वेगळा, घडण एकसारखी, आणि धुताना पाण्यावर येणारे. त्यांनी ते सुपात वेचून उकिरड्यावर टाकले. आठवडाभरात गावात एकच बोलणं, सरकार प्लास्टिकचा तांदूळ वाटतंय.

ते दाणे प्लास्टिकचे नव्हते. तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड आणि ब-१२ जीवनसत्त्व मिसळतात, ते यंत्रातून दाबून पुन्हा तांदळाच्या आकाराचे दाणे कापतात आणि शंभर किलो तांदळाला एक किलो या प्रमाणात मिसळतात. सरकारी योजनांमधला सगळा तांदूळ २०२४ पर्यंत असा पोषक करायचा, हे १५ ऑगस्ट २०२१ रोजी लाल किल्ल्यावरून जाहीर झालं. हेतू रक्तक्षय कमी करण्याचा. म्हणजे ज्यांच्या अंगात रक्त भरावं म्हणून तो दाणा घडवला, त्यांनीच तो वेचून फेकला. याला अडाणीपणा म्हणून मोकळे होणारे पुष्कळ भेटले. मला ते मान्य नाही. मी हायस्कुलात संस्कृत शिकवलं, न्यायदर्शन आवडीने वाचलं, आणि मला यात प्रमाणांचा प्रश्न दिसतो.

न्यायदर्शन ज्ञानाची चार साधनं मानतं, प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. बायकांजवळ प्रत्यक्ष होतं, कारण दाणा डोळ्यांना निराळा दिसत होता. अनुमानही होतं. तांदूळ बुडतो, हा तरंगतो, तेव्हा हा तांदूळ नव्हे. हाताशी जेवढी माहिती होती, तेवढ्यावर मी तरी याहून बरं अनुमान केलं नसतं. त्यांच्यापाशी नव्हता तो शब्द, आणि शब्दही कुणाचाही चालत नाही, आप्ताचाच लागतो. गौतमाच्या सूत्रांवर भाष्य करताना वात्स्यायनाने आप्त कोण ते सांगितलं आहे. ज्याने वस्तू साक्षात जाणली आहे, आणि जशी जाणली तशी दुसऱ्याला सांगावी अशी ज्याची इच्छा आहे, तो आप्त. लगेच पुढे तो म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. दीड हजार वर्षांहून जुन्या ग्रंथातलं हे विधान वर्गात वाचून दाखवताना माझा आवाज दर वेळी भरून यायचा. विश्वास ठेवण्याजोगं असणं इथे जन्मावर किंवा पदावर सोपवलेलंच नाही. अटी दोनच, जाणणं आणि सांगावंसं वाटणं.

सरकार जाणत होतं. सांगावंसं मात्र त्याला पुरेसं वाटलं नाही.

शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी दवाखान्यातून टिंचर आयोडीन मागून आणलं आणि दुकानासमोर ते दाणे कुस्करून त्यांवर थेंब टाकला. निळाकाळा रंग आला, पिष्टाला येतो तसाच. बायका वाकून वाकून बघत होत्या. रोवणीला जाणारी एक जण माझ्याकडे वळून म्हणाली, “बाई, हा पिठाचाच हाये, तं मंग पयलेच काऊन नाही सांगतलं?” आयोडीनने तिची पहिली शंका फेडली होती. या दुसऱ्या प्रश्नापुढे सर गप्प झाले, मीही.

तिच्या शेजारी उभ्या असलेल्या बाईचा प्रश्न याहून अवघड होता. तिच्या मुलीला सिकलसेल आहे. आमच्या जिल्ह्यात हा आजार नवा नाही. २०१८ च्या नियमांनुसार लोह घातलेल्या अन्नाच्या वेष्टनावर सूचना छापायची होती. थॅलेसेमियाच्या रुग्णांनी ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावं, सिकलसेलच्या रुग्णांनी खाऊ नये. पण कंट्रोलचा तांदूळ पोतं फोडून, तोलून पिशवीत ओततात. सूचना पोत्यावर राहते आणि पोतं दुकानात. पुढे धोक्याचा पुरावा नाही असं तज्ज्ञांच्या समितीने सांगितल्यावर २०२४ मध्ये ती सूचना वगळण्यात आली. ती बरोबरच वगळली असेल. पण इशारा आला तेव्हा या आईला कुणी सांगितलं नाही आणि गेला तेव्हाही नाही. तिला कळलं ते मोबाइलवर फिरणाऱ्या एका चित्रफितीतून, आणि त्यात खरंखोटं एकत्र कालवलेलं होतं.

गावातल्या एका वडीलधाऱ्यांनी त्या बायकांना दटावलं होतं की अन्नाला नावं ठेवू नयेत, शास्त्रात तसं सांगितलंय. सांगितलं आहे खरं. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा न करण्याचं व्रत आहे, अन्न वाढवण्याचं आहे, दारी आलेल्याला परत न पाठवण्याचंही आहे. पण ही व्रतं येतात वल्लीच्या शेवटाकडे. आधी भृगू ब्रह्म काय ते विचारायला वडिलांकडे जातो. वरुण त्याला ‘विश्वास ठेव’ म्हणत नाही, तप करून स्वतः जाणून घे म्हणतो. अन्न हेच ब्रह्म, इथवर पोचूनही भृगूचं समाधान होत नाही. तो पुन्हा येतो, पुन्हा विचारतो. प्राण, मन, विज्ञान, आनंद अशा प्रत्येक पायरीआधी तो जाऊन विचारतो आणि बाप एकदाही चिडत नाही. अन्नाच्या आदराचं व्रत एवढ्या विचारपुशीनंतर आलेलं आहे. सुपात दाणे वेचणाऱ्या बाईच्या तोंडावर ते फेकणं मला अधर्म वाटतो.

आणखी एक गोष्ट या बायकांचं तोंड बंद करते. जानेवारी २०२३ पासून हे धान्य फुकट आहे. माणशी पाच किलो, अंत्योदय कुटुंबाला पस्तीस किलो. फुकटचं घेणाऱ्याने चौकशी काय करायची, असा सूर दुकानापासून देवळाच्या पारापर्यंत ऐकू येतो. पण हे दान नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने दिलेला तो हक्क आहे. त्याच कायद्याचं २७वं कलम नोंदी लोकांना खुल्या ठेवायला सांगतं, २८वं सामाजिक अंकेक्षण करायला आणि २९वं दक्षता समित्या नेमायला. वात्स्यायनाच्या आप्ताला सांगण्याची इच्छा असावी लागते. कायद्याने ती इच्छा सरकारवर कर्तव्य म्हणून घातली आहे. आमच्या गावातल्या बहुतेकींनी दक्षता समिती हे नावसुद्धा ऐकलेलं नव्हतं.

त्या आईने आता अर्ज लिहिला आहे. मजकूर तिचा, अक्षर तिच्या मुलीचं. मिसळलेला दाणा कुठल्या कारखान्यातला, तो मिसळला कुठल्या गिरणीत, तपासणीचा कागद कुठे पाहायला मिळेल, आणि सिकलसेल असलेल्या लेकराच्या ताटात हा भात वाढायचा की नाही, हे लेखी आणि मराठीत कळवावं, एवढंच तिने मागितलं आहे. खाली आणखी अकरा जणींच्या सह्या आणि अंगठे आहेत.