देवघरातले भय आणि इतर शंका

शंका (परतवाडा येथील एक भगिनी): माझा धाकटा मुलगा तापाने गेला. त्याच्या जन्मापूर्वी बहिरमबुवाला रोडग्यांचा नवस बोलले होते. हे जिनात कामाला, यात्रेच्या दिवसांतच कापसाचा हंगाम, म्हणून तो राहून गेला. सासूबाई आणि गावचा भगत म्हणाले, नवस थकला, शिवाय विटाळात असताना तुझा पाय देवघरात पडला, म्हणून देवाने पोर नेले. तेव्हापासून दिवा लावायला गेले की हात कापतो. काडी माझी मुलगी ओढते. मी देवाची गुन्हेगार आहे काय? प्रायश्चित्त कोणते घ्यावे?

समाधान: प्रायश्चित्ताचा विचार मागाहून; आधी अपराध घडला काय हे ठरले पाहिजे. ज्या खटल्यात फिर्यादी भगत, साक्षीदार भगत आणि निवाडा देणाराही तोच, त्यातील शिक्षा कोणत्याही न्यायासनापुढे टिकावयाची नाही. ताप डासांनी येतो, दूषित पाण्याने येतो. मेळघाटाच्या पायथ्याशी संसार केलेल्या आपणांस हे मी सांगावयास नको. थकलेल्या रोडग्यांचा त्या तापाशी काय संबंध, हे भगताने दाखविले नाही; त्याने तो केवळ उच्चारला, आणि आपण त्या वेळी इतक्या खचलेल्या होतात की त्याचा उच्चार हाच आपणांस पुरावा वाटला.

विटाळाविषयी म्हणाल तर आपल्या घरापासून एका दिवसात जाऊन येता येईल अशा रिद्धपुराकडे पाहावे. तेथील गोविंदप्रभूंचा अनुग्रह लाभलेल्या श्रीचक्रधरांनी तेराव्या शतकातच आपल्या शिष्यपरिवाराला समजावून दिले होते की, शरीराच्या इतर द्वारांतून जसा मळ वाहतो तसाच हाही एक देहधर्म आहे आणि त्याने कोणी अपवित्र होत नाही. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात हा विचार नोंदलेला आहे. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच जिल्ह्याच्या मातीत ज्याचा निकाल लागला, तोच आरोप आज एका पुत्रशोकाकुल मातेवर नव्याने दाखल व्हावा, याला मी धर्म म्हणू शकत नाही. फार तर विस्मरण म्हणेन, तेही सौजन्याने.

मात्र युक्तिवादाने हाताचा कंप थांबत नाही, हे मी जाणतो. म्हणून शास्त्र बाजूला ठेवून एका माणसाची हकीकत सांगतो. डेबूजी झिंगराजी जानोरकर, म्हणजेच पुढचे गाडगेबाबा, यांचा जन्म १८७६ साली अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा, म्हणजे आपल्या शेजारचा. देवाला बोकड द्यावा आणि त्या निमित्ताने मद्य प्यावे, ही त्यांच्या भोवतालची रीत. त्या रीतीतून जडलेल्या व्यसनाने वडील गेले, संसार धुळीस मिळाला, आणि आई सखूबाई पोराला घेऊन माहेरी दापुऱ्याला गेली. जे देवापुढे ठेवले गेले त्यानेच घरातला कर्ता पुरुष नेला, असा घाव त्या बालकाच्या वाट्याला आला होता. तरीही मोठेपणी त्याने देवाशी वैर धरले नाही. धरले ते रीतीशी. मुलीच्या बारशाला भाऊबंद बोकड आणि दारूची वाट पाहत बसले असता त्याने पानात गोडधोड वाढले. पुढे १९०५ साली घर सोडले, हाती खराटा घेतला, ऋणमोचनच्या यात्रेत पूर्णेचा काठ झाडला, यात्रेकरूंसाठी घाट बांधविला. रात्री कीर्तनाला उभे राहिले की गाडगेबाबा श्रोत्यांनाच प्रश्न विचारीत आणि त्यांच्या तोंडून उत्तर निघेपर्यंत पुढे सरकत नसत. बोकडाने देव प्रसन्न होतो काय, नवसाने पोरे होतात काय, असे ते भर यात्रेत विचारीत, आणि त्यांना नास्तिक ठरविण्याचे धाडस वऱ्हाडात सहसा कोणी केले नाही.

याच गाडगेबाबांची आणखी एक गोष्ट आपल्या कानांवर आली असेल, किंबहुना कोणीतरी ती मुद्दाम ऐकविली असेल. एकुलता मुलगा गोविंदा कुत्रे चावून गेला, ही वार्ता कीर्तन चालू असता आली आणि बाबांनी कीर्तन थांबविले नाही. हकीकत खरी आहे, परंतु मूल गेलेल्या आईला ती ऐकवून "तू का रडतेस?" असे विचारणे हा संताचाही अपमान आणि आईचाही. विरक्ताने स्वतःस लावलेले माप दुसऱ्याच्या काळजाला लावण्याचा अधिकार कोणी दिला?

आता करावे काय? दिवा काही काळ लावू नये. देव अंधारात राहिल्याने रुसत असेल तर तो रुसवा त्याला शोभत नाही. परंतु काडी मुलीच्या हाती देणे आजच थांबवावे, कारण त्या काडीपेटीबरोबर आपले भयही तिच्या हाती जात आहे. तिला जवळ बसवून भावाला ताप आला होता आणि त्या तापाने तो गेला, हे याच शब्दांत सांगावे. मुलाचे नाव घरात पुन्हा मोठ्याने घेतले जावे. सासूबाईंशी भांडू नये; त्यांचाही नातू गेला आहे, आणि निष्कारण मरणापेक्षा सकारण मरण म्हाताऱ्या मनाला सोसते, मग ते कारण सुनेच्या माथी का मारावे लागेना. त्यांचे बोलणे मात्र मान्य करू नये. रोडगे करावेसे वाटले तर पोराच्या आठवणीने करून चार भुकेल्यांना घालावेत. थकबाकी म्हणून करू नयेत. आणि एवढे करूनही झोप लागत नसेल, छातीत धडधडत असेल, तर अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात, ज्याला जुने लोक अद्याप इर्विन म्हणतात, मनोविकारतज्ज्ञाला भेटावे. त्यात देवावर अविश्वास नाही आणि आपली बेअब्रूही नाही.

शंका (चांदूर बाजार तालुक्यातील एक शिक्षक): लहानपणी मारुतीच्या पारावरून माझ्या वडिलांना हाकलून दिलेले मी पाहिले. आज त्याच पारावर पारायण होते आणि सहकारी मला आग्रहाने बोलावतात. गेलो नाही की म्हणतात, "अजून राग धरून बसलास, दार तर केव्हाच उघडले." माझ्या मनात द्वेष आहे काय?

समाधान: दार उघडले हे खरे. संविधानाने १९५० साली अस्पृश्यता नष्ट केली आणि १९५५ च्या कायद्याने ती पाळणे दंडनीय झाले. पण दार उघडण्याचा हुकूम दारास लागू होतो; ज्याला त्या दारातून लोटले त्याच्या पायांना नव्हे.

आपल्या जिल्ह्याला हे सांगण्याची वेळ यावी याचे नवल वाटते. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशासाठी १९२७ साली चळवळ झाली, तीत पंजाबराव देशमुखांसारखे सवर्ण घरातले तरुण पुढे होते, आणि १३ नोव्हेंबर १९२७ रोजी तेथे भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. थोरले बंधू बाळाराम निवर्तल्याची वार्ता त्यांना तेथेच मिळाली. पुढे नाशिकच्या काळारामाच्या दाराशी १९३० पासून पाच वर्षे लढा चालला. १९३५ साली येवल्यास त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले, आणि प्रत्यक्ष दीक्षा घेतली ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात. घोषणा आणि दीक्षा यांमध्ये एकवीस वर्षे गेली. त्या काळात त्यांनी निरनिराळे धर्म तपासले, वाचले, पारखले. त्याला कोणी राग धरून बसणे म्हणत नाही. मग आपणांस दोन-चार पारायणांची सवलत का मिळू नये?

आपल्या सहकाऱ्यांना मी एक विचारतो. आपणांस बोलावताना त्यांपैकी एकाने तरी वडिलांच्या त्या प्रसंगाचा उच्चार केला आहे काय? "या पारावर तुझ्या वडिलांचा अवमान झाला, तो आमच्या वडीलधाऱ्यांनी केला," एवढे वाक्य त्याच पारावर चारचौघांत उच्चारले गेले, तर मग जाण्या-न जाण्याचा विचार आपण मोकळ्या मनाने करू शकाल, आणि तेव्हाही न जाण्याचा निर्णय घेतलात तर तो द्वेष ठरणार नाही. ते वाक्य न उच्चारता पारायणास बोलावणे म्हणजे झालेले झालेच नाही असे आपल्या तोंडून वदवून घेणे होय. क्षमा केल्यावाचून मन शांत होत नाही, असे कथेकरी सांगतात. कित्येकांना तसा अनुभव येतही असेल. परंतु ज्याने क्षमा मागितलीच नाही त्याला ती देण्याची सक्ती कोणत्या धर्मात आहे, हे मला अद्याप आढळलेले नाही.

शंका (अचलपूर येथील एक तरुण): जातीबाहेर लग्न केले म्हणून पंचांनी आम्हांस वाळीत टाकले. आईच्या तेराव्याला कोणी आले नाही. पंच म्हणतात, देवापुढे दंड भरा, मग पाहू. भरावा काय?

समाधान: भरू नये. येथे शास्त्रापेक्षा कायदा जवळचा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली केलेल्या कायद्याखाली हा गुन्हा असून त्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. आईचे तेरावे चार माणसांत पार पडले म्हणून तिच्या गतीला उणेपणा आला, ही भीती मनातून काढून टाकावी. तिला पोहोचवायला पोटचा मुलगा होता. दंडाची मागणी कोणी, कोठे, कोणासमक्ष केली हे तारखेनिशी लिहून ठाण्यात फिर्याद दाखल करावी, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याखेरीज तेथून निघू नये.