एकाच शेऱ्याआडची दोन मुले

मुलाला वाचता येते की नाही, या एका प्रश्नाच्या उत्तरावर शाळेतील साक्षरतेची बरीचशी चर्चा उभी असते; उत्तर नकारार्थी आले की ते मूल ‘कच्चे’ ठरते आणि त्याच्यासाठी उजळणीचा, म्हणजे तेच धडे पुन्हा गिरवून घेण्याचा, एकच उपाय सुचवला जातो. मागे पडलेली सर्व मुले एकाच कारणाने मागे पडलेली असतात, हे या उपायामागचे गृहीतक आहे. ते किती तोकडे आहे, हे अनेक भाषा आणि अनेक लिप्या रोज एकमेकींना भेटतात अशा वस्तीत सर्वांत स्पष्ट दिसते.

हैदराबादचा बेगम बाजार ही अशी वस्ती आहे. भांडी, मसाले आणि सुका मेवा यांच्या घाऊक व्यापाराच्या या पेठेत मारवाडी, हिंदी, दखनी, तेलुगू आणि मराठी या भाषा एकाच गल्लीत ऐकू येतात, आणि दुकानांच्या पाट्यांवर तेलुगू, देवनागरी, उर्दू व रोमन लिपी शेजारी शेजारी नांदतात. शाळेत मात्र मुलाला ठरावीक माध्यमातच शिकावे लागते. शिवाय तेलंगणाच्या 2018 च्या कायद्याने राज्यातील शाळांत तेलुगूचे अध्यापन अनिवार्य झाले असल्याने, घरी तेलुगू न बोलणाऱ्या मुलालाही ती भाषा व तिची लिपी शिकणे क्रमप्राप्त आहे.

अशा वस्तीतील तिसरीच्या वर्गात तेलुगूच्या तासाला बसलेली दोन मुले कल्पनेने समोर आणावीत. पहिले मूल मारवाडी बोलणाऱ्या घरातले आहे. तेलुगू लिपी बरीचशी उच्चारानुसारी असल्यामुळे ते धडा न अडखळता मोठ्याने वाचते, परंतु धड्यात काय घडले हे त्याला सांगता येत नाही. दुसरे मूल तेलुगू भाषक हमालाच्या घरातले आहे. तीच गोष्ट त्याला वाचून दाखवली तर ते ती रंगवून परत सांगते, पण छापील पान समोर येताच पहिल्या जोडाक्षरावर थबकते. उताऱ्यावरील प्रश्नांची लेखी उत्तरे दोघांनाही येत नाहीत, त्यामुळे प्रगतिपुस्तकात दोघांपुढे एकच शेरा पडतो. वास्तविक पहिल्याला भाषा हवी आहे आणि दुसऱ्याला लिपी. सरसकट उजळणीने पहिल्याला तेच मिळते जे त्याच्याजवळ आहे, आणि दुसऱ्याला जे हवे ते योग्य क्रमाने मिळतेच असे नाही.

गॉफ आणि टनमर या अभ्यासकांनी 1986 मध्ये हा भेद सूत्ररूपाने मांडला. त्यांच्या मते वाचन म्हणजे लिपीची उकल, म्हणजे चिन्हांवरून ध्वनी व शब्द ओळखणे, आणि भाषेचे आकलन, म्हणजे ऐकलेल्याचा अर्थ लावणे, या दोहोंचा गुणाकार होय. येथे बेरीज न म्हणता गुणाकार म्हटले आहे, कारण दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरे कितीही भक्कम असले तरी फळ शून्यच राहते.

लिपीची उकल हीदेखील भारतीय भाषांत सोपी गोष्ट नाही. व्यंजन, स्वरचिन्ह आणि जोडाक्षर यांच्या मेळाने होणाऱ्या शेकडो अक्षरांवर मुलाला प्रभुत्व मिळवावे लागते, आणि प्रत्येक लिपीची मांडणी निराळी असते. ‘अक्का’ हा शब्द मराठीतही आहे आणि थोड्या फरकाने तेलुगूतही. दोन्हीकडे अर्थ थोरली बहीण हाच. देवनागरीत लिहिताना पहिला ‘क’ अर्धा होतो आणि दुसरा पूर्ण राहतो. तेलुगूत पहिला ‘क’ पूर्ण आकारात लिहून दुसरा त्याला खाली जोडला जातो. हा फरक फळ्यावर शेजारी शेजारी लिहून कोणी दाखवला नाही, तर मराठी मुलाची चूक निष्काळजीपणा समजली जाते; दाखवला, तर एक ओळखीचा शब्द दुसऱ्या लिपीचे दार उघडतो. दखनीतील ‘ऐसाइच’सारख्या शब्दांतला ठासून सांगणारा ‘च’ हे मराठीचेच देणे आहे. अशी देवघेव मुलांच्या जिभेवर आधीपासून असते. ती वर्गात शिक्षणसाहित्य म्हणून वापरली जात नाही, ही खरी हानी आहे.

घरच्या भाषेचे हे मोल हैदराबादच्या मराठी समाजाला फार पूर्वी उमगले होते. निजामाच्या राज्यात मराठी, तेलुगू आणि कन्नड भाषकांची बहुसंख्या असूनही राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, आणि 1918 मध्ये स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. त्या काळात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्या धुरिणांच्या प्रयत्नांतून उभी राहिलेली विवेक वर्धिनी ही संस्था आजही बेगम बाजारापासून जवळच, जांबागेत आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठवाडा निघून गेला आणि शहरातील मराठी अल्पसंख्य झाली; त्याच वर्षी घटनेत आलेल्या 350 क या अनुच्छेदाने भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाच्या सोयी देण्याची जबाबदारी राज्यांवर टाकली. या वारशाचा अर्थ केवळ आपल्या भाषेची शाळा टिकवणे एवढाच नाही. प्रत्येक मुलाची भाषा शिक्षणाच्या हिशेबात धरणे हा त्याचा व्यापक अर्थ आहे.

गेल्या काही वर्षांत मूलभूत साक्षरतेला धोरणात अग्रस्थान मिळाले आहे. ‘निपुण भारत’ अभियान 2021 मध्ये सुरू झाले, आणि ‘प्रथम’ संस्थेची पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत देशभर पोहोचली. इयत्तेपेक्षा मुलाची प्रत्यक्ष पातळी महत्त्वाची, हा तिचा आग्रह रास्त आहे. मात्र पातळी ठरवताना केवळ प्रकट वाचन ऐकले, तर वरील पहिले मूल वरच्या गटात जाते आणि त्याची अडचण झाकली जाते. कर्नाटकातील यादगीर आणि महाराष्ट्रातील वाडा येथे झालेल्या, 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घ अभ्यासानेही कन्नड व मराठी वर्गांत अक्षरे घोटण्यावर भर आणि अर्थाकडे दुर्लक्ष असल्याचे दाखवले. याउलट फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेच्या संस्थापक आणि पुढे हैदराबादेत अध्यापन केलेल्या मॅक्सिन बर्नसन यांच्या वाचनपद्धतीत थोडी अक्षरे व स्वरचिन्हे घेऊन लगेच अर्थपूर्ण शब्द व वाक्ये केली जातात, आणि बोलण्याला, गोष्टींना तितकेच स्थान असते.

चाळीस मुलांच्या वर्गात एवढे लक्ष पुरवणे शिक्षकाला अशक्य आहे, हा आक्षेप प्रामाणिक आहे आणि तो शिक्षकाच्या माथी मारून सुटणारा नाही. पटसंख्या, पुस्तके आणि प्रशिक्षण ही व्यवस्थेचीच जबाबदारी आहे. तरीही प्रारंभ अल्प साधनांत होऊ शकतो. प्रत्येक मुलाकडून एक उतारा वाचून घ्यावा आणि दुसरा त्याला वाचून दाखवून त्यावर बोलते करावे. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या की उणीव लिपीची आहे की भाषेची, हे बरेचसे कळते. त्यानुसार दिवसातील थोडा वेळ लहान गट करावेत, ते काही आठवड्यांनी बदलावेत, आणि उरलेला वेळ सर्वांनी एकत्र ऐकावे, बोलावे, लिहावे. कारण कायमचा ‘कच्चा’ गट ही मुलाच्या मनावर उमटणारी मुद्राच ठरते. एकत्र बसल्यावर हमालाचे मूल शेजाऱ्याला शब्दाचा अर्थ सांगते आणि शेजारी त्याला जोडाक्षर फोडून दाखवतो. आज ज्यांच्यापुढे एकच शेरा आहे त्या दोघांकडे एकमेकांना देण्याजोगे काहीतरी आहे, हे त्या दोन नोंदींवाचून कोणाला दिसणार नाही.